अंतर कोणी कमी करायचं?

जालना जिल्ह्यात वन्यप्राण्यांचे फोटो काढायचे तर आधी डोक्यातलं जंगल काढून टाकावं लागतं. ताडोबासारखं गेट, जिप्सी, गाईड असलं इथे काही नाही. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या भागांत काळवीट दिसतो तो हरभऱ्याच्या रानात, तुरीच्या कडेने, गायरानाच्या माळावर. जमीन सपाट आणि काळी, आडोशाला झाड क्वचित. बांधावर उभा राहिलेला माणूस हरणाला फार लांबून दिसतो. ते जवळ येऊ देत नाही, म्हणून लोक लांब पल्ल्याची लेन्स घेतात. टॅमरॉनची 150-600 मिलिमीटरची झूम 2013च्या अखेरीस जाहीर झाली, सिग्माच्या दोन 2014मध्ये, निकॉनची 200-500 त्याच्या पुढच्या वर्षी. पूर्वी एवढ्या पल्ल्याची लेन्स नोकरदार माणसाच्या स्वप्नातही नव्हती. आता जिल्ह्याच्या गावातही ती सापडते. आणि ती घेणारा प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात एकच गाऱ्हाणं सांगतो : फोटो शार्प येत नाही, हलतो.

या गाऱ्हाण्यावर माझ्या ओळखीच्या दोन माणसांचं कधीच एकमत झालेलं नाही. एक निवृत्त विज्ञान शिक्षक, फिल्मच्या काळापासून फोटो काढणारे. दुसरी त्यांची भाची, जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी दिवस उगवायच्या आत शेतात असते. एका हिवाळ्यात या दोघांबरोबर बांधाबांधाने फिरताना झालेली बोलणी इथे देतो आहे. मध्ये मध्ये मीही बोललो आहे, कारण या वादात मला माझं मत आहे.

भाची : मामा, ट्रायपॉड गाडीतच राहू द्या.

मामा : अडीच किलोची लेन्स, वर कॅमेरा, आणि हातात धरणार? तुझ्या छातीचा ठोकासुद्धा त्या फोटोत दिसेल.

भाची : दिसतो, पण 1/60ला. 1/1500ला नाही दिसत.

मामा : हे बघ, मी हिशोबाने बोलतो. 100 आयएसओचा रोल घातलेला असायचा. सूर्य वर आल्यावरच्या पहिल्या कोवळ्या उन्हात एफ 5.6ला मीटर सांगायचा 1/125. लेन्स 400ची. लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितक्याव्या भागाएवढा वेग पाहिजे, म्हणजे 1/400. तो कुठून आणायचा? ट्रायपॉडशिवाय तो फोटो हलणारच.

भाची : हिशोब बरोबर आहे मामा, आकडे बदललेत. त्याच उन्हात, त्याच 5.6ला मी आयएसओ 1600 लावते. सोळापट. तुमच्या 1/125चे झाले 1/2000. माझी लेन्स 500वर, सेन्सर लहान, दीडपटीचा, म्हणजे मला किमान 1/750 हवा. माझ्याकडे त्याच्याही वर शिल्लक उरते.

मामा : आणि दाणे? 1600ला फोटोवर बारीक वाळू पसरल्यासारखी दिसते.

भाची : दिसते. ती संगणकावर पुष्कळ कमी करता येते. हललेला फोटो मात्र कशानेही सरळ होत नाही.

इथे मला भाचीचं म्हणणं पूर्ण पटतं, आणि मामांचं का पटत नाही हेही कळतं. त्यांचा ट्रायपॉडचा आग्रह स्वभावातून आलेला नाही, फिल्मच्या मंदपणातून आलेला आहे. छत्तीस फोटोंचा रोल, एकदा घातला की बदलता न येणारा आयएसओ, आणि रोल धुऊन येईपर्यंत फोटो कसा आला ते कळायची सोय नाही. त्या काळात लांब लेन्स हातात धरणारा खरोखरच चुकत होता. नवख्यांना मात्र उलटी खोड लागते. दाण्यांच्या भीतीने ते आयएसओ 400च्या वर जात नाहीत, पहाटेच्या अंधुक उजेडात शटर 1/200वर घसरतं, आणि मग लेन्सला दोष देतात. नव्याने शिकणाऱ्याला मी एवढंच सांगेन की शटरचा वेग आधी ठरवायचा, आयएसओ जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायचा.

मामा : बरं, तुझ्या लेन्समध्ये ते स्थिर ठेवायचं यंत्र आहे ना? मग एवढा वेग हवाच कशाला? माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, त्याच्यामुळे 1/100लाही शार्प येतो.

भाची : उभ्या दगडाचा येतो. ते यंत्र माझ्या हाताची थरथर खाऊन टाकतं. हरणाचं डोकं हललं तर त्याला काय करता येणार?

मामा : चरतं हरीण किती हलतं?

भाची : मोजून बघू. हरीण पन्नास मीटरवर. 500वर माझ्या चौकटीची रुंदी तिथे दोन मीटर पस्तीस सेंटिमीटर. त्यावर सहा हजार पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण 0.4 मिलिमीटरचा. हरीण आपल्या चालीने, सेकंदाला दीड मीटर चाललं तर 1/1000मध्ये दीड मिलिमीटर सरकतं. तीन-चार पिक्सेल. चालून जातं. 1/100ला पंधरा मिलिमीटर, जवळजवळ चाळीस पिक्सेल. डोळा पुसला गेला.

मामा : आणि पळणारं?

भाची : ताशी 60 किलोमीटरने पळत असेल तर 1/1000लाही चाळीसेक पिक्सेल. म्हणून पळत्या हरणाबरोबर लेन्स फिरवायची.

लेन्स स्थिर करणारी ही यंत्रणा तशी जुनी आहे. कॅननने 75-300 मिलिमीटरच्या लेन्समध्ये ती 1995मध्ये आणली, निकॉनने 80-400मध्ये 2000 साली. आपल्याकडे ती उशिरा, स्वस्त झाल्यावर पोचली आणि तिच्याविषयी भलत्याच अपेक्षा घेऊन पोचली. हाताची थरथर आणि प्राण्याची हालचाल ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यावर यंत्र चालतं, दुसऱ्यावर शटरच.

आता धरायचं कसं, याविषयी. यात मामा-भाचीचा वाद नाही, म्हणून मीच सांगतो. आणि जरा सविस्तर सांगतो, कारण शिकणारे लोक सेटिंग विचारतात, हात कुठे ठेवायचा हे कोणी विचारत नाही. तान्ह्या पोराच्या मानेखाली हात देतात तसा डावा तळवा लेन्सच्या खाली, तिचा तोल जिथे सांभाळला जातो तिथे द्यायचा. वरून पकडायची नाही. ट्रायपॉडसाठी लेन्सला जो पाय असतो तो तळव्यात बसतो. त्रास होत असेल तर फिरवून वर घ्यायचा. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. डावं पाऊल थोडं पुढे. डोळा व्ह्यूफाइंडरला नुसता लावायचा नाही, कपाळ आणि गाल कॅमेऱ्याला भिडवायचे. दोन हात आणि एक चेहरा, असे तीन आधार झाले. मागच्या पडद्याकडे बघत हात लांब करून 500 मिलिमीटरने फोटो काढणारे लोक मी पाहतो तेव्हा त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं. बटण दाबताना बोट आपटायचं नाही, बटणावरून हळूच वळवायचं. श्वास अर्धा सोडून तिथेच क्षणभर राहायचं. पूर्ण कोंडून धरला तर थरथर उलट वाढते. आणि लेन्स सतत डोळ्याला लावून बसायचं नाही. दंड भरून येतात, आणि हरीण मान वर करतं नेमक्या त्याच वेळी हात कापायला लागतात. प्राणी चरत असेल तेव्हा लेन्स मांडीवर. तो थांबला, वळला, की वर.

बसता आलं तर उभं राहू नये. गुडघे उभे करून, कोपर गुडघ्याच्या आतल्या मांसल भागाला टेकवायचं. हाडावर हाड ठेवलं तर घसरतं. ही बंदूकवाल्यांची जुनी बैठक आहे आणि कॅमेऱ्यालाही तेवढीच उपयोगी पडते.

एका सकाळी भाची शेताच्या कडेला पालथी पडली होती. हरणं शंभर मीटरच्या पुढे. कासराभर दिवस वर आलेला.

मामा : उठ. त्याचा काही उपयोग नाही.

भाची : मामा, खालून घेतला की हरणाच्या डोळ्याच्या पातळीला येतो. मागचं रान विरघळतं.

मामा : हरीणही विरघळेल. जमिनीकडे बघ.

तिने काढलेले फोटो आम्ही तिथेच मोठे करून पाहिले. वेग 1/1600. फोकस बरोबर खांद्यावर. तरी शिंगांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या वाकड्या, आणि पिळाची वळणं एकमेकांत मिसळलेली.

मामा : ही हवा आहे. काळी माती पाण्यासारखं ऊन पिते. वर थंड हवा, खाली तापलेली. दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, आणि दोन्ही सारख्या हलत असतात. तुझी लेन्स हरणाला जवळ आणते तशी त्या हवेलाही मोठं करते. मे महिन्यात मृगजळ दिसतं तेव्हा सगळ्यांना कळतं. हिवाळ्यात डोळ्याला दिसत नाही, लेन्सला दिसतं.

भाची : मग वेग अजून वाढवते.

मामा : वाढव. वाकलेली कड वाकलेलीच गोठेल. आणि तू जिथे पडली आहेस तिथे हा थर सगळ्यात दाट. शंभर मीटरभर तू त्याच थरातून बघते आहेस. उभी राहिलीस तर निदान निम्म्या वाटेला त्यातून सुटशील.

भाची : म्हणजे खालून घ्यायचंच नाही?

मामा : घ्यायचं. दिवस उगवताना. किंवा हरीण वीस-तीस मीटरवर असेल तेव्हा.

मराठवाड्यात लांब लेन्सने काढलेले फोटो मऊ येण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं, आणि त्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. सकाळी नऊनंतर काळ्या रानावर दीडशे मीटरवरून काढलेल्या फोटोत जगातली सगळ्यात महाग लेन्सही हरते. थंडीत उबदार गाडीची काच खाली करून लगेच फोटो काढला तरी तेच होतं, कारण काचेतून बाहेर पडणारी गरम हवा लेन्ससमोरून जाते. नवी लेन्स घ्यायला निघालेल्या माणसाने आधी सहा वाजता उठून पाहावं.

पण तिथून वाद मुळावर आला.

भाची : वीस-तीस मीटर! काळवीट वीस मीटरवर येऊ देतो का कोणाला? मी लांब लेन्स घेतली ती हौसेने नाही. लांब राहिलं की त्याला त्रास होत नाही. तो पळत नाही. तुमच्या वेळी लोक जीप घालायचे कळपात.

मामा : घालायचे, आणि आताही मोटारसायकल घालणारे आहेत. ते चूकच. पण लांबून तुला मिळतं काय? मघाशी मांडलास तोच हिशोब कर. नराची उंची खांद्यापर्यंत पाऊण मीटरच्या आसपास. दोनशे मीटरवर तुझी चौकट किती उंच?

भाची : सव्वासहा मीटर.

मामा : म्हणजे हरीण चौकटीचा आठवा भाग. मग ते कापून मोठं करणार. दाणे मोठे, हवेची थरथर मोठी, हाताची चूक मोठी. शार्पनेस लेन्समध्ये शोधते आहेस, तो अंतरात आहे.

भाची : म्हणजे जवळ जायचं. म्हणजे त्याला हाकलायचं.

मामा : तू जाऊ नकोस. त्याला येऊ दे.

मामांनी जे सांगितलं ते त्या मुलखाचं ज्ञान आहे. काळवीटाचा मुख्य पहारेकरी त्याचे डोळे. उघड्यावर हलणारी, उभी, चालत जवळ येणारी आकृती त्याला लगेच कळते. बसलेली आणि न हलणारी आकृती त्याच्या मनातून हळूहळू उतरते. त्यातही प्रौढ काळा नर आपली जागा राखून असतो. ठरावीक ठिकाणी लेंड्या टाकून त्याने त्यांचे ढीग केलेले असतात, आणि तो पुन्हा पुन्हा तिथे येतो. तो ढीग ज्या रानात असेल त्या शेतकऱ्याला विचारून, उजाडायच्या आधी, ज्वारीच्या कापलेल्या धसकटांच्या कडेला किंवा तुरीच्या शेवटच्या ओळीला पाठ लावून बसायचं. उजेड येतो तेव्हा आपण आधीच तिथे असलो पाहिजे. आपण आलेलो त्याला दिसता कामा नये.

भाची : आणि तिथे तुमचा ट्रायपॉड?

मामा : लावून बसायचं.

भाची : उघड्या रानात तीन पायांचा सांगाडा. नर आला उजवीकडून तर तो उचलून फिरवणार? फिरवताना नर बघणार नाही? बसलेल्या माणसाने फक्त कंबर वळवायची.

मामा : हं.

या "हं"च्या पुढे मामा फार बोलले नाहीत, पण माझ्या मते वाद इथे सुटला, आणि दोघांच्याही मूळ कारणांपेक्षा वेगळ्या कारणाने सुटला. भाची लेन्स हातात धरायची ती मोकळं फिरता यावं म्हणून. मामा ट्रायपॉड लावायचे ते थरथर जावी म्हणून. जालन्याच्या उघड्या रानात लेन्स हातात धरण्याचं खरं कारण वेगळं आहे. हातात धरलेली लेन्स घेऊन माणूस लहान होऊन बसू शकतो, एका जागी राहून कुठल्याही बाजूला वळू शकतो. फिरण्यासाठी नव्हे, न हलण्यासाठी हात मोकळे हवेत. आणि हरीण स्वतःच्या पायांनी चाळीस मीटरवर आलं की हवेचा थर कमी, कापाकापी कमी, आणि लेन्सही 600वरून 400वर आणता येते. म्हणजे तेवढीच थरथर कमी दिसते. या स्वस्त झूम लेन्स शेवटच्या टोकाला थोड्या मऊही असतात, तेही टळतं.

हे जमायला वेळ लागतो. पुष्कळदा नर येतच नाही.

बसून राहायच्या सकाळी कमी आणि सरावाच्या संध्याकाळी जास्त असाव्यात, यावर मात्र दोघे एकदम सहमत. सरावाला काळवीट लागत नाही. रब्बीच्या नांगरटीला ट्रॅक्टरमागे गायबगळे उतरतात. उडतात, बसतात, पुन्हा उडतात, आणि माणसाची त्यांना पर्वा नसते. जालना शहरातल्या मोती तलावावर संध्याकाळी बगळे आणि पाणकावळे असतात. निजामाच्या काळात बांधलेला, शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा जलाशय तर हिवाळ्यात पाहुण्या बदकांचं ठिकाण. माळावर खालून, संथपणे, पंख व्हीच्या आकारात धरून फिरणारा भोवत्या मिळाला तर त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही : वेग मंद, वाट अंदाजाने कळणारी, आणि मागे गवत असल्यामुळे फोकस कुठे चुकतो ते लगेच उघडं पडणारं.

भाची : फोकसचं तुम्ही बोलताच नाही मामा. माझे निम्मे फोटो हलण्याने जात नाहीत, पऱ्हाटीने जातात. समोर काडी आली की कॅमेरा काडीला धरतो.

मामा : मग सगळी चौकट त्याच्यावर का सोडतेस? एक बिंदू ठेव. डोळ्यावर. डोळा लहान पडत असेल तर खांद्यावर.

भाची : नव्या कॅमेऱ्यात तो स्वतः डोळा शोधतो.

मामा : काळ्या नराच्या काळ्या तोंडातला काळा डोळा?

भाची : डोळ्याभोवती पांढरं कडं असतं ना. बऱ्याचदा सापडतो. नाही सापडला की बोटाने एक बिंदू. आणि फोकसचं बटण मी शटरपासून तोडून मागे अंगठ्यावर घेतलंय. काडी मध्ये आली की अंगठा उचलायचा.

फोटो का बिघडला हे ओळखायला शिकणं म्हणजे अर्धं शिकणं. मामांनी शाळेत प्रयोगवही तपासावी तसे भाचीचे फोटो तपासले, आणि त्यातून जी रीत ठरली ती कोणालाही वापरता येईल. शंभर टक्के मोठं करून बघायचं. सगळ्याच गोष्टी एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, मागचं धसकटसुद्धा, तर हात हलला. हरणाच्या पुढचं किंवा मागचं गवत लख्ख आणि हरीण मऊ असेल तर फोकस चुकला. धड लख्ख आणि पाय पुसलेले असतील तर प्राणी हलला, शटर कमी पडलं. आणि कुठेच काही लख्ख नाही, कडा लाटालाटांच्या दिसतात, एकामागोमाग काढलेल्या फोटोंत शिंगांचा आकारही थोडा बदलतो, तर ती हवा. चार दुखण्यांची चार औषधं आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की माणूस वर्षभर चाचपडतो.

एका गोष्टीवर मामा शेवटपर्यंत नाराज राहिले. भाचीचा कॅमेरा एका दाबात फोटोंची झड लावतो.

मामा : हावरेपणा आहे हा. एक क्षण निवड, एक फोटो काढ.

भाची : हाताची थरथर मागेपुढे झुलते मामा. दोन झुलण्यांच्या मध्ये एक क्षण हात खरोखर स्थिर असतो. तो मला निवडता येत नाही, कोणालाच येत नाही. पाच-सहा लागोपाठ काढले की त्यातला एखादा त्या क्षणाचा निघतो. बहुतेक वेळा पहिला नसतो, कारण पहिल्याला बोट दाबल्याचा धक्का असतो.

मामा : हे शास्त्र झालं. तू मात्र पाच-सहा नाही, पन्नास काढतेस.

भाची : पळत्या हरणाचे काढते. चारही पाय हवेत असलेला क्षण तुम्हाला डोळ्याने दिसतो?

मामांना इथे उत्तर द्यावं लागलं, कारण वर्गात ते स्वतःच ही गोष्ट सांगत आले होते. घोडा भरधाव पळताना चारही खूर जमिनीपासून सुटतात का, याचा निकाल 1878मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून, एकामागोमाग फोटो घेऊन लावला. माणसाच्या डोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या ते ठरवता आलं नव्हतं. फोटोंची झड लावणं आजच्या कॅमेऱ्यांनी आणलेलं खूळ नाही. पण मामांच्या रागात मला एक गोष्ट रास्त वाटते. जो पन्नास काढतो तो बहुधा त्या वेळी बघायचं थांबवतो. मान वर होण्याआधी कान वळतो, उडी मारण्याआधी मागचे पाय खचतात, हे त्याला कळत नाही. बघणाऱ्याला पाच-सहा पुरतात.

आणि मग उरली पळत्या हरणाची गोष्ट. काळवीटाचा वेग चित्त्याच्या सहवासात घडला असं मानलं जातं. भारतातला मूळचा चित्ता संपला, वेग राहिला. कळप उड्या घेत सुटतो तेव्हा कॅमेरा खाली ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मामा : पळणारा फोटो पाहिजे तर एक ठरव. तो कोणी पळवला?

भाची : मी नाही पळवत. दोन नर एकमेकांच्या मागे लागतात. कळप आपला आपण उड्या मारतो.

मामा : तेवढे काढ. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण कायद्याचं सोड. पोटुशी मादी पळवायची आणि तिचा फोटो भिंतीवर लावायचा, हे मला सोसत नाही.

भाची : आणि शेतकरी हाकलतो तेव्हा?

यावर मामा गप्प झाले. प्रश्न खरा होता. आम्ही ज्यांच्या रानात बसायचो त्या शेतकऱ्याचा हरभरा कळपाने शेंड्याशेंड्याने खुडला होता. ते सकाळी यायचे, ओरडायचे, पत्र्याचा डबा वाजवायचे, आणि कळप सुटायचा. नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळू शकते. त्या यादीत हरणं, रोही आणि रानडुक्कर आहेत. पण अर्ज, पंचनामा, हेलपाटे. आम्हाला हरणं जवळ यायला हवी होती आणि त्यांना ती लांब जायला हवी होती. त्यांच्याच परवानगीने, त्यांच्याच बांधावर बसून.

मामा : तो फोटो काढू नकोस. ते हरणाचे हाल होणं आहे.

भाची : मला तोच काढायचा आहे. मामा, आपण काढतो त्या फोटोंत हरीण एकटं, मागे नुसतं सोनेरी रान. बघणाऱ्याला वाटतं, अभयारण्य आहे. इथे हरीण असं राहत नाही. इथे ते दुसऱ्याच्या ताटातलं खाऊन राहतं आणि रोज सकाळी पळतं. ते दिसायला नको?

मी भाचीच्या बाजूचा आहे. जालन्याच्या काळवीटाचा खरा फोटो मला तो वाटतो ज्यात माणूसही आहे. मात्र तो काढायला इतका वेळ शिकलेलं पुष्कळ काही उलटं करावं लागतं, आणि भाचीने ते आधीच मांडून ठेवलं होतं.

भाची : लेन्स 500वर नको, 200वर. एफ 5.6 नको, 11. ऐंशी मीटरवर फोकस धरला की साधारण पंचावन्नपासून एकशेचाळीस मीटरपर्यंत सगळं शार्प येतं. शेतकरी साठ मीटरवर, कळप एकशेवीसवर. दोन्ही एका चौकटीत लख्ख.

मामा : 11ला उजेड किती उरतो?

भाची : आयएसओ 3200, वेग 1/1000. हरणं लांब आहेत, लेन्स आखूड केली, एवढा वेग पुरतो.

मामा : त्यांचा चेहरा दिसेल. आधी विचार.

भाची : विचारलं. ते म्हणाले, काढा, पण खाल्लेला हरभरा दिसला पाहिजे. पंचनाम्याला एक प्रत मागितली आहे.

मामा : मग इथे नको बसू. खाल्लेल्या ओळी तुझ्यापासून तीस मीटरवर आहेत, त्या धूसर येतील. बांध ओलांडून मागे चल.